संशोधनाचं भाडं कोण भरतं?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, कामशेत आणि वडगावचा पट्टा मागे टाकते आणि तळेगावाशेजारी वराळ्याच्या शिवारात येते. एवढ्याशा अंतरात पर्यावरण धोरणाचे बहुतेक सगळे प्रश्न भेटतात. घाटमाथ्यावर टाटांच्या वीजप्रकल्पांसाठी बांधलेली वळवण, शिरवता, ठोकळवाडी ही शंभरीच्या आसपासची धरणं आहेत. पूर्वेकडे जाणारं पाणी अडवून वीज करायची आणि ते पश्चिमेला कोकणात सोडायचं, ही त्यांची रचना भीमा खोऱ्याच्या पाणीवाटपात आजही वादाची आहे. पवन मावळात पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याची योजना आली. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर इथे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. घाटाकडच्या गावांवर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची टांगती तलवार आहे की संरक्षणाचं छत्र, यावर गावागावांत दोन मतं आहेत. ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवलेलं आहे. खाली तळेगाव-नवलाख उंब्रेची एमआयडीसी आहे आणि वराळे-आंबीकडे भातखाचरांच्या जागी महाविद्यालयं, वसतिगृहं आणि सोसायट्या उभ्या राहत आहेत.

यातला एकही प्रश्न ग्रंथालयात बसून पुरता कळत नाही. तिथे जावं लागतं, आणि एकदा जाऊन भागत नाही. म्हणून पर्यावरण धोरणावर पीएचडी करणाऱ्या मुलामुलींच्या प्रवासाचे पैसे कोण देतं, किती देतं आणि कधी देतं, हा प्रश्न हिशेबाच्या वहीपुरता राहत नाही. कोणती गावं अभ्यासली जातील आणि कोणती राहून जातील, हेच त्यावर ठरतं.

आधी आज काय मिळतं ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली आणि वरिष्ठ फेलोशिप ३५,००० वरून ४२,००० झाली. ही वाढ हवीच होती. पण आकस्मिक खर्चाची रक्कम, जिला सगळे कंटिंजन्सी म्हणतात, ती होती तिथेच राहिली. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आणि पुढे २०,५००. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला १२,००० आणि पुढे २५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, छपाई, सॉफ्टवेअर आणि फील्डचा प्रवास, सगळं यातूनच. दहा हजाराला बाराने भागलं की महिन्याला साडेआठशेही पुरे होत नाहीत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल फेलोशिप महिना २०,००० रुपये आणि कंटिंजन्सी वर्षाला २०,००० अशी आहे. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना ८,००० मिळतात. राज्य विद्यापीठात नेट नाही आणि दुसरी फेलोशिपही नाही, अशा विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच नसतं. तो एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि त्या पैशांतून गावाला जातो.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर गेल्या दहा-पंधरा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपने घडवला. ज्या घरांत पदवी हीच मोठी गोष्ट होती, त्या घरांतली मुलं आज प्रबंध लिहीत आहेत. पाणी, जंगल, जमीन या प्रश्नांवर त्यांच्याइतक्या जवळून लिहू शकणारं दुसरं कोणी नाही. मात्र फेलोशिप वेळेवर मिळावी, पूर्ण मिळावी, यासाठी याच मुलांना पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं. महिन्याचा खर्चच अडला तर प्रवास सगळ्यात आधी कापला जातो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

या विषयाची आणखी एक अडचण आहे. पर्यावरण धोरण कोणत्याच एका विभागाचं नाही. कुणी ते पर्यावरणशास्त्र विभागात करतं, कुणी राज्यशास्त्रात, कुणी अर्थशास्त्रात, कुणी लोकप्रशासनात. पैसे देणाऱ्या संस्था मात्र आजही विज्ञान एकीकडे आणि समाजशास्त्र दुसरीकडे अशीच विभागणी करतात. परदेशी परिषदेला जाण्यासाठी ‘सर्ब’ या केंद्राच्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाची प्रवास साहाय्य योजना होती, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या २०२३ च्या कायद्यानंतर ती त्या नव्या संस्थेकडे गेली. तिच्यातून विमानाचं भाडं, व्हिसाचं शुल्क आणि नोंदणीचा खर्च मिळतो, पण ती आखलेली आहे विज्ञान-अभियांत्रिकीसाठी. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये महिन्याच्या ७० ते ८० हजारांखेरीज वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान आहे. तीही विज्ञान-तंत्रज्ञानाच्या निवडक संस्थांसाठी. म्हणजे इंद्रायणीच्या पाण्यातला फॉस्फेट मोजणाऱ्याला एक दार उघडं आहे. त्याच पाण्यासाठी नगरपरिषदेने सांडपाणी प्रकल्प का रखडवला, हे शोधणाऱ्याला ते बंद आहे. नदीला हा भेद कळत नाही. आणि धोरणाचा अभ्यास फॉस्फेटच्या आकड्याशिवाय लंगडा राहतो, तसा आकडाही धोरणाशिवाय कपाटात पडून राहतो.

परिषदांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या पीएचडी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत निबंध वाचणं आणि एक शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं. सक्ती आली, प्रवासाचा पैसा आला नाही. मग नोंदणी शुल्क घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्या परिषदा जिथे-तिथे भरू लागल्या आणि विद्यार्थी जवळची, स्वस्त, एका दिवसात उरकणारी परिषद निवडू लागले. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमावलीने ही सक्ती काढली, ते बरं झालं. पण चांगल्या परिषदेची गरज त्याने संपत नाही. इंडियन सोसायटी फॉर इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्सच्या परिषदेला जाऊन आपल्या विषयातल्या दहा जाणत्या माणसांसमोर उभं राहणं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणं, याची जागा ऑनलाइन चौकट घेत नाही.

परदेशी परिषदेची गोष्ट आणखी अवघड. सरकारी पैशाचं तिकीट पूर्वी एअर इंडियाचंच लागे. त्या कंपनीचं खाजगीकरण झाल्यावर ते बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या ठरलेल्या एजंटांकडूनच काढायचं, असा नियम आला. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. बहुतेक योजनांत हे सगळं आधी स्वतः भरायचं आणि परत आल्यावर मागायचं. ज्याच्या घरी दोन लाख बाजूला काढता येतात, त्यालाच ही मदत मिळवणं परवडतं. मदत खरोखर ज्याला हवी, तो अर्जच करत नाही. हवामान परिषदांबद्दल विद्यार्थ्यांना मोठं आकर्षण असतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात कॉप-३० भरली, तेव्हा राहण्याच्या जागा इतक्या महागल्या की प्रवासी जहाजं आणून त्यांत लोकांची सोय करावी लागली. अशा ठिकाणी दोन आठवडे काढण्याचा खर्च आणि मावळात एक आख्खा पावसाळा काढण्याचा खर्च शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्याच्या अंशात दुसरा होतो. माझ्या मते प्रबंधाला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

पावसाळ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ मध्ये ‘रूरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’ या पुस्तकात दाखवून दिलं की शहरातून गाव पाहायला येणारा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचंच गाव पाहतो, आणि तेही कोरड्या हंगामात. पाऊस, चिखल, उपासमार, आजारपण यांच्या दिवसांत तो येत नाही, म्हणून ते दिवस त्याच्या अहवालातही येत नाहीत. हे मावळाला इतकं तंतोतंत लागू पडतं की पुस्तक इथेच बसून लिहिलं असावं असं वाटतं.

वराळ्याला जाणं सोपं आहे. पुण्याहून लोकल पकडायची, तिकीट वीस रुपयांच्या आत, तळेगावला उतरायचं आणि रिक्षा करायची. नदीकाठ पाहून, चार जणांशी बोलून संध्याकाळी वसतिगृहावर परत. आता आंदर मावळातलं खांडी घ्या. लोकलने कान्ह्याला उतरायचं. कान्हे फाट्यावरून टाकव्यापर्यंत काहीतरी मिळतं. पुढे एसटीच्या फेऱ्या मोजक्या, नाहीतर जीप भरेपर्यंत थांबायचं. जुलैत भात लावणी चालू असते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण इथल्या खाचरांत लावतात आणि त्या दिवसांत घरातलं कोणीही दिवसा घरी नसतं. बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात, त्यांना प्रश्नावली घेऊन थांबवणं योग्यही नाही. बोलायला माणसं मोकळी होतात ती दिवेलागणीनंतर, आणि परतीची गाडी त्याच्या आधी गेलेली असते. म्हणजे मुक्काम करावा लागतो. गावात लॉज नाही. कुणाच्या घरी राहिलं, जेवणाचे पैसे दिले, तर त्याची पावती नाही. लोणावळ्यात खोली घ्यावी तर पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथले दर पर्यटकांसाठी चढलेले. मुलीच्या बाबतीत अडचणी दुप्पट. तिला सोबत लागते, सोबत्याचं भाडं लागतं आणि ‘सोबत्याचं भाडं’ असा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

मग काय होतं? विद्यार्थी डिसेंबर ते मार्चमध्ये जातो. त्यात आर्थिक वर्षाचा धाक. रक्कम ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायची असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांची फील्डवर्कं एकदम निघतात. त्या दिवसांत रस्ते कोरडे, खाचरं मोकळी, माणसं पारावर बसलेली. गाव शांत दिसतं. पण सह्याद्रीतलं सगळ्यात जीवघेणं धोरण-अपयश पावसात उघडं पडतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं आणि दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, मावळाच्या अगदी पायथ्याशी, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. कोणती वाडी धोक्यात आहे, सूचना कशी पोचते, तलाठी कधी येतो, माणसं रात्री कुठे झोपतात, हे मार्चमध्ये विचारलं तर आठवणीतलं उत्तर मिळतं. जुलैत विचारलं तर डोळ्यांना दिसतं. आमच्या संशोधनातून पावसाळा गळतो, याचं एक मोठं कारण प्रवासखर्चाच्या नियमांत आहे.

अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुलांकडे पाहिलं की हे जास्त टोचतं. तिथली मोठी सुट्टी मे अखेर ते ऑगस्ट, म्हणजे बरोबर आपला पावसाळा. येल विद्यापीठाच्या पर्यावरण विद्यालयातली ट्रॉपिकल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट उष्ण कटिबंधातल्या फील्डवर्कसाठी पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. इतर अनेक विद्यापीठांत पदवीधर शाळा, विभाग आणि विद्यार्थी संघटना अशा दोन-तीन ठिकाणांहून थोडे-थोडे पैसे मिळवता येतात. तिथेही सगळं आलबेल नाही. रक्कम लहान असते, वर्षातून एकदा मिळते आणि बऱ्याच ठिकाणी क्रेडिट कार्डावर खर्च करून मग परतफेडीची वाट पाहावी लागते. परदेशातून नव्याने गेलेल्या मुलाला ते कार्डच लवकर मिळत नाही. तरीही पुण्यात वाढलेला, तिकडे शिकणारा विद्यार्थी जूनमध्ये मावळात उतरून आख्खा हंगाम राहू शकतो. पुण्याच्या विद्यापीठातला त्याचा वर्गमित्र त्याच जूनमध्ये नव्या सत्राचे तास घेत असतो. मावळाबद्दलचं बारकाईचं ज्ञान दूरच्या ग्रंथालयांत साठत जावं आणि इथल्या विद्यापीठात त्याची झेरॉक्स यावी, हे मला मान्य नाही.

प्रवासाच्या पैशाने ज्ञानाचा नकाशा कसा ठरतो, हे पुणे जिल्ह्याने फार पूर्वीच पाहिलं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. दख्खनच्या गावाचा तो पहिला बारकाईचा आर्थिक अभ्यास मानला जातो. त्यांनी गाव निवडलं पिंपळे सौदागर, पुण्याच्या अगदी जवळचं, जे आता पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवून गेलं आहे. पुढे ना. वि. कानिटकरांबरोबर त्यांनी दुसरा अभ्यास केला, तो लांबच्या, कोरडवाहू जातेगाव बुद्रुकचा. तो १९२१ मध्ये आला. लांब गेल्यावर वेगळं चित्र दिसलं. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांचा अभ्यास केला, डेक्कन कॉलेजने तो १९६९ मध्ये छापला. विस्थापितांची नवी गावं विखुरलेली होती, त्यामुळे एका जागी बसून तो होण्यासारखा नव्हताच. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर लिहिलं, तेव्हा धरणाकाठच्या गावांइतकीच जुन्या कागदपत्रांचीही वाट तुडवावी लागली. धोरणाच्या अभ्यासकाला दोन्हीकडे जावं लागतं: वाडीवर आणि दप्तरखान्यात. आपल्या योजनांत दप्तरखान्याचा प्रवास कसाबसा बसतो, वाडीचा बसत नाही.

शिकणाऱ्याच्या प्रवासाला समाजाने पैसा पुरवणं ही तर महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना मदत करणारा निधी १८९२ मध्ये काढला, तो आजही चालू आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. आणि वराळ्यापासून हाकेच्या अंतरावर तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करत होते, टिळकांनी त्या कामाला पाठबळ दिलं आणि परदेशात काच शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती कारखाना सोपवला. त्या काळी मोठा कारखाना एका पैशातून उभा राहिला. आज संशोधकाच्या हातात दोन-तीन हजार रुपये वेळेवर ठेवणं आपल्याला जमू नये, याला गरिबी हे कारण असू शकत नाही.

वेळेचं म्हणणं एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी शक्यतो प्रकल्पस्थळी किंवा जवळपास होते आणि तिची किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. पर्यावरण धोरणाच्या विद्यार्थ्यासाठी जनसुनावणीसारखी दुसरी शाळा नाही. जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, कंपनीचे सल्लागार, सरपंच, मच्छीमार, शेतमजूर एका मांडवात बसतात आणि कागदावरची प्रक्रिया माणसांच्या आवाजात ऐकू येते. पण प्रवासाच्या अर्जावर गाइडची सही, विभागप्रमुखाची टिपणी, लेखा विभागाची तपासणी आणि मग मंजुरी, हा क्रम ३० दिवसांत पुरा होणं कठीण. मंजुरी येते तेव्हा मांडव उतरलेला असतो. उलट दिशेचा प्रवासही असाच अडतो. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मुख्यालय मुंबईत आहे, निर्णय मंत्रालयात होतात. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात सामूहिक वनहक्कांवर काम करणाऱ्या मुलीला मेंढा-लेखा जवळ आहे, पण आपल्याच जिल्ह्यातल्या खाणीची लवादापुढची सुनावणी ऐकायला राज्याचं दुसरं टोक गाठावं लागतं. तिच्या कंटिंजन्सीचा मोठा भाग अशा एक-दोन फेऱ्यांत संपतो. समान रक्कम सगळ्यांना दिली की समान संधी दिली असं होत नाही, हे इथे फार स्पष्ट दिसतं.

आणि बिलं. एसटीच्या यंत्रातून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं; त्यावरची शाई काही आठवड्यांत उडते. म्हणून जाणते विद्यार्थी त्याच संध्याकाळी तिकिटं एका कोऱ्या कागदावर चिकटवतात, त्याची झेरॉक्स काढतात आणि गाइडची सही त्या झेरॉक्सवर घेतात. सहा आसनी रिक्षा, जीप, दूधवाल्याचा टेम्पो यांना तिकीटच नसतं. वरच्या वाडीपर्यंत वाट दाखवायला आलेल्या कातकरी पोराला दिवसाची मजुरी दिली, तर ती कुठे लिहायची? बरेच जण ही रक्कम मागतच नाहीत. अशा न मागितलेल्या पैशांची नोंद कुठेच होत नाही आणि मग समितीपुढे आकडा येतो की प्रवासासाठी ठेवलेली तरतूद पुरती वापरलीच गेली नाही. त्यावरून पुढच्या वर्षी ती आणखी कापली जाते. न वापरलेली तरतूद म्हणजे नसलेली गरज, असं मानणं ही अंदाजपत्रकातली मोठी चूक आहे.

काही ठिकाणी चांगली कामंही झाली आहेत आणि ती सांगायला हवीत. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने गावात राहून करायचं फील्डवर्क अभ्यासक्रमातच बसवलं, त्यामुळे प्रवास हा विद्यार्थ्याचा वैयक्तिक खर्च न राहता शिक्षणाचा खर्च झाला. प्रयोगशाळेतल्या रसायनाचे पैसे विद्यार्थ्याकडे कुणी मागत नाही. मग गावाला जाण्याचे का मागावेत? याच विचारातून २०१६ मध्ये राज्याने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणलं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपल्याच जिल्ह्यातले पाणी, रस्ते, सांडपाणी यांचे प्रश्न अभ्यासावेत आणि त्या कामाचा मोबदला प्रशासनाने द्यावा, अशी त्यामागची कल्पना. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. वराळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तळेगाव-लोणावळ्यात आणखी महाविद्यालयं आहेत. तिथल्या एका खोलीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या संशोधकाला पावसाळाभर राहता आलं आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याच्याबरोबर वाड्या पालथ्या घातल्या, तर प्रवासाचा निम्मा खर्च वाचेल आणि अभ्यासाचं मूळ मावळातच रुजेल. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईच्या कालिना परिसरात आहे. बाहेरगावच्या पीएचडी विद्यार्थ्यांना मुंबईतली ग्रंथालयं वापरण्यासाठी ते अभ्यास अनुदान देत आलं आहे. रक्कम लहान, कागद कमी, उपयोग मोठा. असंच अनुदान गावाकडे जाण्यासाठी का असू नये? दक्षिण आशियातल्या पर्यावरण अर्थशास्त्राच्या ‘सँडी’ या जाळ्याने १९९९ पासून तरुण संशोधकांना अनुदान आणि त्याबरोबर अनुभवी मार्गदर्शक देण्याची पद्धत ठेवली. पैसे आणि माणूस दोन्ही बरोबर मिळाले की संशोधन उभं राहतं, हे त्या कामाने दाखवलं.

विमानप्रवासाने होणारं प्रदूषण हा मुद्दा आता युरोपातली विद्यापीठं गंभीरपणे घेत आहेत. झुरिचच्या ईटीएचने आणि बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाने आपल्या लोकांचे विमानप्रवास कमी करण्याचे नियम केले. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा विचार करायलाच हवा. पण जी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आपला निबंध वाचायला निघाली आहे, तिला आधी थांबवणं अन्याय होईल. कात्री वरून लागावी. वर्षाला चार-चार परदेश दौरे करणाऱ्या पदाधिकाऱ्यांपासून सुरुवात व्हावी.

माझं मागणं मोठं नाही. विद्यापीठाने फील्डवर्कचा स्वतंत्र प्रवासनिधी ठेवावा, परिषदेच्या निधीपासून वेगळा. पन्नास संशोधकांना वर्षाला प्रत्येकी १५,००० दिले तर साडेसात लाख होतात. एखाद्या मोठ्या समारंभाच्या मांडवाहून हा खर्च जास्त नाही. निम्मी रक्कम आगाऊ मिळावी. जिथे तिकीट मिळत नाही तिथे विद्यार्थ्याचं स्वतःचं सहीचं पत्रक आणि गाइडची सही पुरेशी मानावी. गावात कुणाच्या घरी मुक्काम केला तर दिवसाचा ठरावीक भत्ता द्यावा, पावतीशिवाय. मुलींच्या सोबत्याचं भाडं मान्य व्हावं. जनसुनावणीसारख्या तातडीच्या कामासाठी विभागप्रमुखाला आठ दिवसांत पैसे देण्याचा अधिकार असावा. जून ते सप्टेंबर या काळातल्या फील्डवर्कला प्राधान्य मिळावं आणि ३१ मार्चची टाच त्याला लागू नये. विषय विज्ञानाचा की समाजशास्त्राचा, हे अर्जात विचारूच नये.

हे सगळं कुणी करायचं, याचं उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात आणि विद्यापीठाचं अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे किंवा दुसऱ्या विद्यापीठाचे पदवीधर असतील. आपलं नाव पदवीधर मतदारयादीत आहे का ते पाहा. नसेल तर नोंदवा. आणि आपल्या अधिसभा सदस्याला येत्या अंदाजपत्रकाआधी एकच प्रश्न लेखी विचारा: संशोधक विद्यार्थ्यांच्या फील्डवर्कच्या प्रवासासाठी किती तरतूद आहे आणि त्यातली आगाऊ किती दिली जाते?